निर्मळ घर, मळ कुणाच्या दारी?

मराठीत घर स्वच्छ करण्यासंबंधीचे शब्द मोजायला बसले तर एक लहानसा कोश होईल. झाडणे, लोटणे, पुसणे, सारवणे, घासणे, विसळणे, खळबळणे, आपटणे, पिळणे, निथळणे. शिवाय केरवारे, सडासंमार्जन, झाडलोट, धुणीभांडी. प्रत्येक क्रियेचा हात वेगळा, पाणी वेगळे, कंबरेचा बाकही वेगळा. यातील 'धुणीभांडी' या सामासिक शब्दाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्यात धुणे आहे, भांडी आहेत, पण ती करणारी व्यक्ती नाही. 'पोतेरे' हा दुसरा शब्द. चूल आणि जमीन सारवण्याचे, शेणमातीच्या पाण्यात बुचकळलेले ते फडके. पण माणसाच्या आयुष्याचेही पोतेरे होते, असे आपण म्हणतो. स्वच्छतेच्या साधनालाच मराठीने अवहेलनेची उपमा करून ठेवले आहे. स्वच्छता करणाऱ्याला मलिन मानण्याची आपली जी जुनी सामाजिक सवय आहे, ती भाषेत अशी साठून राहते.

हे आज सुचण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतून प्लास्टिकविरहित, कमीत कमी कचरा करणाऱ्या स्वच्छतेचा एक नवा आचारधर्म रुजू पाहत आहे. भांडी घासायला राख, केसांना शिकेकाई, कपड्यांना रिठा, फरशीला लिंबाच्या सालींचे आंबवलेले पाणी. बाटल्या नकोत, पुड्या नकोत, नायलॉनच्या घासण्या नकोत. या विचाराचा हेतू उत्तम आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. कोल्हापुरातील आमच्या सात माणसांच्या घरात, जिथे दोघे नोकरी करतात, दोघे शिकतात, एक आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि पै-पाहुण्यांचा राबता अखंड आहे, हा आचारधर्म आम्ही वर्षभर पाळून पाहतो आहोत. परंतु हा लेख 'करून पाहा' छापाचा नाही. या प्रयोगाच्या निमित्ताने साहित्याच्या वाचकांनी विचारावा असा एक प्रश्न समोर आला, तो येथे मांडायचा आहे: आपण जेव्हा काही 'स्वच्छ' करतो, तेव्हा तो मळ जातो कुठे, आणि तो निस्तरतो कोण?

प्रथम वस्तुस्थिती. राख हे उत्तम साधन आहे, यात अतिशयोक्ती नाही. लाकडाच्या राखेतील क्षार पाण्यात विरघळतात, भांड्यावरील तेलाशी त्यांचा संयोग होऊन थोडा साबणच तयार होतो आणि राखेचे बारीक कण खरवडण्याचे काम करतात. चिंचेतील आम्ल तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवते. त्यासाठी कुठल्याही चकचकीत द्रावणाची गरज नाही. पण शहरी घरात चूलच नाही, तेव्हा राख कुठून आणायची? ती पाकिटबंद मिळते, घरपोचही येते. चुलीतून फुकट निघणारी वस्तू अशी विकत घेताना आपण नेमके काय वाचवतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस आणणारे द्रव्य असते. रेशमी आणि लोकरी वस्त्रांसाठी ते आजही साबणाहून सरस आहे. मात्र रोज उकळावे लागते, काढा चार दिवसांत नासतो, आणि शाळेच्या पांढऱ्या गणवेशाच्या कॉलरवरील मळापुढे तो हात टेकतो. धुण्याचा सोडा गरम पाण्यात चिकट डब्यांची तेलकटी बघता बघता काढतो, पण ॲल्युमिनियमची भांडी खातो आणि हातही खरखरीत करतो. न्हाणीघरातील क्षाराचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाने जातात. ॲसिडच्या बाटलीवाचून काहीच अडत नाही. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि नारळाचा काथ्या ही दोन साधने मात्र निरपवादपणे यशस्वी ठरली. बाजारातील हिरवी घासणी झिजते म्हणजे तिचे कृत्रिम धागे तुटून पाण्यात जातात. काथ्या झिजतो तो मातीत मिसळतो.

उरले ते बहुचर्चित आंबवण, ज्याला बायोएन्झाइम असे भारदस्त नाव आहे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय फळांच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने धीर. ज्या गावात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला घर दिले, त्या गावात फरशी पुसण्यासाठी गूळ आंबवणे ही गोष्ट जुन्या पिढीला थोडी खुपते. खाण्याची वस्तू ती, लादीवर का ओतायची? पण त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. आंबताना वायू निर्माण होतो. काचेची बरणी घट्ट बंद राहिली तर फुटू शकते. म्हणून बहुतेक कृतींमध्ये सल्ला असतो की, हे मिश्रण प्लास्टिकच्या बाटलीत करावे आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करावे. प्लास्टिकमुक्तीचे अमृत प्लास्टिकच्याच कुंभात सिद्ध होते! फरशीवर ते चांगले चालते. आम्ल असल्याने डाग काढते, वासही प्रसन्न. पण ते जंतुनाशक नव्हे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत त्यावर विसंबता येत नाही.

येथपर्यंत हा हिशोब वस्तूंचा झाला. वेळेचा हिशोब मांडला की चित्र बदलते. रिठे फोडणे, भिजवणे, उकळणे, गाळणे. साली साठवणे, झाकणे उघडणे. रिकामे डबे घेऊन सुटा माल विकणाऱ्या दुकानात जाणे. बाटलीतील द्रवाने जे काम कारखान्यात उरकले होते, ते पुन्हा घरात येते. आणि घरात आलेले काम कुणाच्या वाट्याला येते, हे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दिवसाला पाच घरे करतात. राख आणि काथ्या पाहून त्यांनी एकाच वाक्यात समीक्षा केली: "हाताला ग्वाड हाय खरं, पर तव्याचं त्याल सुटंना, आन् मला म्होरल्या घरला जायाचं असतंय." कोल्हापुरी 'खरं'मध्ये दाद आणि तक्रार दोन्ही सामावतात. मालकिणीचे पर्यावरणप्रेम आणि मावशींची दहा जादा मिनिटे, या दोहोंच्या मध्ये जो व्यवहार आहे, तो कुठल्याही हरित उपदेशात आम्हांला आढळलेला नाही. ती दहा मिनिटे पाच घरांनी मागितली तर जवळजवळ तासभर होतो. त्या तासाचे दाम कोण देणार?

याच ठिकाणी आपल्या ललित गद्याला जाब विचारला पाहिजे. शेणाने सारवलेले अंगण, चुलीची ऊबदार राख, लख्ख घासलेली पितळी घागर, शिकेकाईच्या वासाचा रविवार: स्मरणरंजनाची ही सामग्री मराठी लेखकाला इतकी सवयीची झाली आहे की, ती न वापरता बालपण लिहिताच येत नाही अशी समजूत व्हावी. परंतु त्या घागरीचे वर्णन बहुधा ती घासलेल्या हाताने केलेले नसते. 'आजीच्या बटव्या'तील स्वच्छता विकणाऱ्या आजच्या जाहिराती याच ललित गद्याच्या वारसदार आहेत. आजी आठवते, आजीची पाठ आठवत नाही.

ज्यांनी हात घातला, त्यांचे लेखन वेगळे बोलते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे जे चित्र आहे, ते वाचताना आपण हसतो. पण त्या सोवळ्यापायी घरातील बायकांचे काय हाल होत, हे लक्षात आले की हसू मावळते. शुचितेचा नियम एकजण ठरवतो आणि तो पाळण्याचे कष्ट दुसऱ्यांच्या वाट्याला जातात, ही त्या प्रकरणांची खरी कथा आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाचे नावच बांबूच्या विणकामावरून आले आहे. आयदाने म्हणजे सुपे, टोपल्या, रोवळ्या. आज ज्या 'नैसर्गिक' वस्तू हौसेने घेतल्या जातात, त्या विणणाऱ्या आईचे कष्ट आणि त्या कष्टांना चिकटलेली जात त्या पुस्तकात आहे. केरसुणीचेही तसेच. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो, 'लक्ष्मी' म्हणतो. परंतु शिंदीच्या पात्यांची ती केरसुणी परंपरेने बांधत आलेल्या मातंग समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले. प्लास्टिक येण्यापूर्वीची स्वच्छता कचराविरहित असेल. ती अन्यायविरहित होती, असे मात्र कुणी म्हणू नये.

आणखी एक दाखला आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. जात्यावरच्या ओव्या हे मराठी स्त्रीचे श्रेष्ठ काव्य आहे, याविषयी दुमत नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्याच बायकांनी डोक्यावर दळण घेऊन गिरणीची वाट धरली, आणि ते योग्यच केले. ओवी टिकावी म्हणून जाते ओढत राहा, असे सांगण्याची छाती कुणाही अभ्यासकाची झाली नाही. मग नदी टिकावी म्हणून राखेने भांडी घासत राहा, असे सांगताना आपली जीभ का अडखळत नाही? धुण्याची स्वस्त पूड, जिचा मोठा प्रसार १९६९ मध्ये सुरू झालेल्या निरमापासून झाला, ही लाखो घरांतील खांद्यांची आणि मनगटांची सुटका होती. त्या सुटकेला केवळ 'उपभोगवाद' म्हणून मोडीत काढणे हे ज्याने कधी चादर आपटलेली नाही त्याचे समीक्षण होय.

तर मग काय, बाटल्या आणि पुड्या खुशाल वापराव्या? तसे नाही. कारखान्याने हाताचे कष्ट वाचवले, हे खरे. पण ते नाहीसे केले नाहीत, दुसरीकडे सरकवले. कोल्हापूरकराला हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. कसबा बावड्याजवळ लाइन बाजारच्या झूम प्रकल्पावर वर्षानुवर्षे साचत गेलेला कचऱ्याचा डोंगर, त्याचा धूर आणि त्यातून प्लास्टिक वेचणारे हात, ही आपल्या बाटलीची पुढची प्रकरणे आहेत. आणि नदी? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही पंचगंगा. शहराचे सांडपाणी जयंती आणि दुधाळी या नाल्यांतून तिच्यात उतरत आले आहे. फॉस्फेट आणि मैला यांवर पोसलेली जलपर्णी शिरोळच्या बाजूला पात्र झाकून टाकते, आणि पुढे नृसिंहवाडीला हे सारे कृष्णेच्या स्वाधीन होते. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची भयंकर साथ आली आणि माणसे दगावली. तिकडे २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने कोल्हापुरात पोहोचले आणि शहराने निःश्वास टाकला. पाणी हवेच होते. त्याच्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. पण स्वतःच्या घाटाचे पाणी पिण्याजोगे न राहिलेले शहर दूरच्या धरणाचे पाणी पिते, ते वापरून झाले की त्याच नदीत सोडते, आणि खालची गावे ते निस्तरतात, या व्यवहाराला 'निर्मळ' म्हणता येईल काय?

येथे एका गफलतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. प्लास्टिकचा प्रश्न आणि पाण्याचा प्रश्न हे दोन प्रश्न आहेत. हरित बाजारपेठ ते एकच असल्याचे भासवते. प्लास्टिकच्या बाटलीतून आला की कागदाच्या वेष्टनातून, साबण अखेर जयंती नाल्यातच जातो. नैसर्गिक म्हटलेला रिठाही त्याला अपवाद नाही. त्यातले सॅपोनिन माशांना घातक असते, आणि मासे गुंगवण्यासाठी अशा वनस्पतींचा वापर जुन्या काळापासून होत आला आहे. अर्थात एका घराच्या काढ्याने नदीतील मासे मरणार नाहीत. पण सगळ्या शहराने रिठा वापरला तरी सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा नीट चालवण्याला पर्याय नाही, एवढे त्यावरून कळावे. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पलीकडे मजल मारली आणि २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरली, तेव्हा गाळाने भरलेली घरे लिंबाच्या सालींनी धुता येण्याजोगी नव्हती. तिथे ब्लीचिंग पावडर आणि फिनेलच हवे होते. शुद्धतेचे कुठलेही व्रत पुराच्या गाळापुढे शिथिल होते, आणि ते व्हावेच.

कायद्याचा अनुभवही काही शिकवून जातो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर पातळ पिशव्यांवर राज्यात निर्बंध आले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तू बंद झाल्या. या राष्ट्रीय यादीत कान कोरायच्या काड्या आहेत, स्ट्रॉ आहेत, ताटे-चमचे आहेत. साबणाची बाटली आणि शाम्पूची पुडी नाही. या पुडीचा जन्म तमिळनाडूतला. १९८३ मध्ये चिक शाम्पूने ती घरोघर पोहोचवली. अनेक थरांची असल्याने तिच्यावर पुनर्प्रक्रिया करणे कठीण, आणि भंगारात भाव नसल्याने ती कुणी वेचतही नाही. पण ती विकत घेणारा बहुधा रोजंदारीवर जगणारा असतो. मोठी बाटली परवडत नाही म्हणून तो पुडी घेतो. त्याला निष्काळजी ठरवून आपण काचेच्या बरणीचा अभिमान मिरवायचा, हा नव्या सोवळ्याचाच प्रकार होय. २०२२ च्या नियमांनी वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नागरिकाचा आवाज लागायला हवा तो तिथे, शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यात डोकावण्यात नव्हे.

आम्हांला वाटते, या सगळ्याचे उत्तर एकट्या घराच्या सद्गुणात नाही. याची खूण कोल्हापुरातच मिळते. गणेशविसर्जनाच्या वेळी मूर्ती आणि निर्माल्य पंचगंगेत न टाकता दान करण्याची चळवळ या शहराने चालवली. ती रुजली, कारण घाटावर माणसे उभी राहिली, कुंड ठेवले गेले, मूर्ती नेण्याची सोय झाली. भाविकाचे काम वाढले नाही, उलट सोपे झाले. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत हे दुसरे उदाहरण. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या कामाला तिने काम म्हणवून घेतले, ओळखपत्र दिले, मोल मागितले. चांगल्या वर्तनासाठी व्यवस्था लागते, आणि निस्तरणाऱ्याला नाव आणि दाम लागते, हा या दोन्हींचा धडा आहे. किराणा दुकानात साबणाची पूड आणि द्रव पुन्हा सुटे, वजनावर, आपल्या डब्यात मिळू लागले, आणि ते पाकिटापेक्षा स्वस्त असले, तर उपदेशाची गरजच उरणार नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला गोडेतेल असेच किटलीतून मिळत होते.

तोवर घराने काय करावे? आमच्या घरापुरता निवाडा असा झाला. काथ्या, घोसाळ्याची जाळी, केरसुणी, साबणाची वडी, लिंबूसत्त्व आणि सोडा राहिले, कारण त्यांनी कुणाचेही काम वाढवले नाही. आंबवण फरशीपुरते राहिले, आणि त्याची झाकणे उघडण्याचे काम घरातील पुरुषांकडे गेले. रिठा रेशमी साड्यांपुरता उरला. राख गेली. आजीच्या खोलीतले जंतुनाशक कायम आहे आणि त्याबद्दल कसलीही अपराधी भावना नाही. तव्याचे तेल ज्याने त्याने कागदाने पुसून मगच तो मोरीत ठेवायचा आणि आपले ताट आपण विसळायचे, हा नियम मात्र सर्वांत उपयोगी ठरला. मावशींची दहा मिनिटे त्याने परत मिळाली, आणि नाल्यात जाणारे तेलही कमी झाले. हा उपाय कुठल्याही दुकानात मिळत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या सगळ्यातून घ्यायचे ते एवढेच की, शब्दातील मळही तपासावा. 'निर्मळ' या शब्दात मळ 'निघून गेला' आहे. कुठे गेला, ते शब्द सांगत नाही. मराठीत त्या अबोल जागेसाठी एक साधे, घरगुती क्रियापद आहे: निस्तरणे. पुढच्या वेळी कुठल्याही पुस्तकात लख्ख घागर चकाकताना दिसली, किंवा कुठल्याही बाटलीवर हिरवे पान छापलेले दिसले, की त्या क्रियापदाचा कर्ता शोधावा. तो वाक्यात सापडला नाही, तर बहुधा मोरीपाशी बसलेला असेल.